कर्ण्याला न पेललेला आवाज

मित्रांनो, मखमलाबादच्या शिवारात एक पत्र्याची खोली आहे. तिथल्या फळीवर, फवारणीचा पंप आणि खताच्या रिकाम्या गोण्या यांच्या शेजारी मी उभी असते. मी काळी आहे, गोल आहे, जेवणाच्या ताटाएवढी आहे. माझ्या अंगावर एकच बारीक चाकोरी आहे, बाहेरून आत वळत वळत गेलेली. तिच्यात सूर निजलेले आहेत. पुस्तकात मला तबकडी म्हणतात, इथली माणसं रेकॉर्ड म्हणतात. आता माझ्या कडेचा टवका उडाला आहे आणि कव्हरची शिवण उसवली आहे. माझी हकिकत मला कुणी विचारलेली नाही. पण तुम्ही आलाच आहात, तर सांगते.

फार लांबच्या एका शहरात एक धिप्पाड माणूस होता. तो बास वाजवायचा. बास म्हणजे माणसाहून उंच, उभं, चार जाड तारांचं लाकडी वाद्य. ते कवेत घेतल्याशिवाय वाजत नाही. त्याचा आवाज इतका खोल, की वाटावं विहिरीच्या तळाशी बसून कुणी हळूच बोलतंय. असं वाद्य वाजवणारा बहुतेक वाद्यमेळ्यांत मागे उभा असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. हा मात्र साऱ्या मेळ्याचा म्होरक्या होता. तो मागे राहून बाकीच्यांना पुढे काढायचा. वरची पितळी वाद्यं भांडायची, रुसायची, रडून आकांत करायची. खालून याचा बास त्यांना सांगायचा, जा, पाहिजे तितकं लांब जा, मी इथंच उभा आहे. या संगीताला जॅझ म्हणतात. त्यात वाट आधी आखलेली नसते. चालता चालता ती सापडते.

त्यांच्या तशा एका वाटचालीतून मी जन्मले. गरम साच्यात काळा गोळा दाबला आणि मी थाळीसारखी बाहेर आले. जाणत्यांनी माझं फार कौतुक केलं. जॅझची गोष्ट सांगायची तर या तबकडीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असं ते म्हणायचे. माझ्या बहिणी जगभर गेल्या. मी बोटीतून मुंबईला उतरले, या घरातून त्या घरात फिरले, कुणाच्या तरी बदलीच्या सामानातून नाशिक रोडला आले. ते बिऱ्हाड उठलं तेव्हा मी भद्रकालीत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचले. तिथे लग्नाच्या गाण्यांनी भरलेल्या एका खोक्यात मी तळाशी पडून होते.

साल एक्याण्णवचं असेल. घरोघरी कॅसेटी आल्या होत्या. दुकानदाराला रेकॉर्डी नकोशा झाल्या होत्या आणि तो खोक्याच्या खोकी काढून टाकत होता. त्यातलं एक खोकं धोंडीरामने सायकलला बांधलं.

धोंडीराम सकाळी मळ्यात मेथी-कोथिंबीर काढायचा आणि लग्नसराईत गावोगाव लाऊडस्पीकर लावायचा. उंच बांबूला दोन कर्णे बांधायचे, खाली मशीन मांडायचं आणि त्याच्याशेजारी मांडी घालून बसायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी त्याने ओट्यावर खोकं उपडं केलं. माझ्या कव्हरवर त्या धिप्पाड माणसाचा बासला कवटाळून उभा असलेला फोटो होता. धोंडीरामची बायको कुसाबाई जुड्या बांधता बांधता वाकून बघायला लागली.

"अगं बाई! ह्यानं काय धरलंय ते? कपाट चोरून नेतोय का काय?"

"येडी का तू? तंबोरा हाय तो."

"एवढा तंबोरा? मग ह्याच्या घरात ह्याची बायको झोपती कुठं?"

धोंडीराम इतका हसला की त्याला ठसका लागला. कुसाबाईचा आवाज बारीक आणि उंच होता. मळ्याच्या एका टोकाहून तिने हाक मारली तर दुसऱ्या टोकाचे बगळे उडायचे. मला तो आवाज आवडला. आमच्या मेळ्यात ती शोभली असती.

पुढच्याच आठवड्यात पिंपळगाव बसवंतला एका बागायतदाराच्या घरी हळद होती. मशीन नीट चालतंय का बघायला धोंडीरामने मला लावलं. किती वर्षांनी माझ्यावर सुई टेकली होती! मी जीव ओतून गाऊ लागले. पण मित्रांनो, कर्ण्याचा गळा लहान असतो. वरचे सूर तो कोसभर फेकतो, खालचा आवाज मात्र त्याला पेलवत नाही. माझी पितळी वाद्यं बांबूवरून किंचाळत राहिली आणि माझा म्होरक्या बाहेर आलाच नाही. वरात निघावी आणि नवरदेव घरीच राहावा, तसं झालं.

"धोंडूभाऊ, बोके भांडायला लावलेत का?" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

"अहो, काढा ते! व्याही आल्या पावली माघारी जायचे!"

सगळा मांडव हसला. धोंडीरामही हसला. त्याने सुई उचलली, मला कव्हरात सारलं आणि खोक्याच्या तळाशी ठेवून दिलं. त्यानंतर मला कुणी हात लावला नाही.

एकटेपणा म्हणजे अंधार, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. माझ्या वरच्या रेकॉर्डी रोज बाहेर जायच्या, अंगाला अक्षता चिकटवून परत यायच्या आणि कुठे कोण नाचलं ते एकमेकींना सांगायच्या. त्यांचं बोलणं मला सगळं ऐकू यायचं. फक्त त्यात माझं काही नसायचं. पुढे त्यांचंही जाणं थांबलं, कारण धोंडीरामने कॅसेटी घेतल्या. खोकं पत्र्याच्या खोलीत गेलं आणि आमच्यावर धूळ बसली.

पण धोंडीराम कर्ण्यांखालीच बसत राहिला. हंगामामागून हंगाम गेले. कर्ण्याचा तो चिरका आवाज त्याच्या कानांवर आदळत राहिला आणि कान आतून झिजत गेले. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली. मग बायकोच्या बांगड्या गेल्या. आणि एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की कुसाबाईचे ओठ हलताहेत आणि त्याला काहीच ऐकू येत नाहीये.

ती मोठ्याने बोलू लागली. मोठ्याने बोललं की तिचा आवाज आणखी वर चढायचा आणि त्याच्या कानाला आणखीच लागेनासा व्हायचा.

"वरडू नको गं! तोंड वाकडं करून वरडल्यावर काय ऐकू येतंय व्हय?"

"मंग काय करू? पाटीवर लिहू? मला लिहिता येत नाय आन् तुम्हाला वाचता येत नाय!"

हे भांडण मी खोलीतून ऐकायचे. भांडण होतं तोवर बरं होतं. हळूहळू तेही मिटलं. मुलगा रविराज कानातलं यंत्र घेऊन आला. त्यात भांड्यांचा नुसता कल्ला व्हायचा, म्हणून धोंडीरामने ते काढून तंबाखूच्या डब्यात टाकलं. मग घरातली माणसं खुणांवर आली. जेवायचं असलं की तोंडाकडे बोट न्यायचं, मळ्यात जायचं असलं की लांब हात करायचा. गावात त्याला बहिरा म्हणू लागले, तेही त्याच्या समोरच. तो पारावर जाईनासा झाला. कुसाबाई जुड्या बांधताना एकटीच गुणगुणायची:

सांगते सयाबाई, मळ्याला पाणी चाले
माझ्या गं धन्याचे कान, वाऱ्याच्या पल्याड गेले

हे ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून म्हणायची आणि तो कोथिंबिरीकडे बघत बसायचा. मला वाटायचं, आम्ही तिघंही एकाच खोक्यात आहोत.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात रविराजने खोली रिकामी करायला काढली. आता तो डीजे लावायचा. माणसाएवढे काळे बॉक्स, त्यात आवाजाने थरथरणारे परातीएवढे पडदे. ते ठेवायला त्याला जागा हवी होती. "दादांच्या त्या रेकॉर्डी आन् कर्णे भिकनला देऊन टाक," त्याने आईला सांगितलं आणि तो एका लग्नाची बोलणी करायला आडगावला गेला. भिकन म्हणजे हातगाडीवाला भंगारवाला. आवाज असा जाड, की गल्लीत त्याची आरोळी ऐकू यायच्या आधी भुईला कळायची.

धोंडीरामला हे कुणी सांगितलं नव्हतं. खुणांनी असं काही सांगता येत नाही. पण दारात हातगाडी बघून तो समजला. त्याने भिकनला हाताने थांबवलं. जुना प्लेअर पुसला. रविराजच्या बॉक्सच्या वायरी ओढून त्याला जोडल्या. ते काम त्याचे हात विसरले नव्हते. मग त्याने एकेक रेकॉर्ड लावायला घेतली. देण्याआधी यांतलं काही अजून आपलं उरलंय का, एवढंच त्याला बघायचं होतं.

पहिली लागली. कुसाबाई दारातून डोकावली, तिचं आवडतं गाणं होतं ते. धोंडीराम कान पुढे करून बसला. गाणारी बाई गात होती आणि त्याच्यापर्यंत नुसता ढोलकीचा ठोका पोचत होता, बंद दारावर कुणी थापा माराव्यात तसा. त्याने ती काढली आणि हातगाडीवर ठेवली. दुसरी लावली. काढली. तिसरी काढली. हळूहळू हातगाडी भरत गेली आणि त्याचा चेहरा मिटत गेला. भिकन मान खाली घालून विडी ओढत बसला होता.

तळाशी मी उरले. त्याने कव्हरवरचा फोटो पाहिला, जरा थांबला आणि मला लावलं.

मित्रांनो, आपला पुरता आवाज कसा असतो ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या मोठ्या पडद्यांतून माझा म्होरक्या पहिल्यांदा बाहेर आला. सावकाश, जड पावलांनी, एकेक सूर जमिनीत रोवत. पत्रा थरथरला. पंपाची नळी फळीवर वाजू लागली. वरची वाद्यं धोंडीरामला ऐकू येत नव्हती. पण खालचा प्रत्येक सूर त्याला नीट, नितळ कळत होता. तो वर कसा चढतो, कुठे थबकतो, कुठे लाडात येतो, सगळं. हे नुसते ठोके नव्हते. यात चाल होती.

"आला!" तो म्हणाला. "आयला, हा आला की!"

त्याची बोटं मांडीवर चालू लागली. डोळे मिटले. ती बाजू संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. सुई मधल्या कागदाशी जाऊन खरखर करू लागली, तेव्हा त्याने ती उचलली आणि मला हातात धरून तसाच भिंतीकडे तोंड करून बसला.

भिकन पाठीमागून म्हणाला, "मामा, ही पण टाकू का गाडीत?"

"ही नाय," धोंडीराम म्हणाला. "बाकीच्या ने."

त्याने मान वळवली नव्हती.

कुसाबाईच्या हातातली जुडी खाली पडली. "अहो! तुम्हाला ऐकू आलं?" ती ओरडली. त्याचं लक्षच नव्हतं. ती आणखी मोठ्याने ओरडली, "अहो!" काही नाही. तिने भिकनकडे पाहिलं, मग त्या काळ्या बॉक्सकडे. ती जागीच उभी राहिली. कोडं मनात कसं सुटत गेलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती आत आली, त्याच्या खांद्याशी वाकली आणि अडलेल्या बैलाला समजवताना काढायची तसा छातीतला जाड आवाज काढून, सावकाश म्हणाली,

"च्या घेता का?"

धोंडीरामची पाठ ताठ झाली.

"साखर कमी टाक," तो म्हणाला. आणि मग तिच्याकडे वळून तोंडावर हात ठेवून बसला.

भिकन उगाच बाहेर जाऊन हातगाडीची दोरी आवळू लागला.

त्या दिवशीचा चहा काही लवकर झाला नाही. साचलेलं पुष्कळ होतं. चुलता वारला तेव्हाचं, दोडक्याच्या वेलाचं, सुनेच्या माहेरचं. ती त्याच्या कानाशी बसून जाड आवाजात सांगत होती आणि तो "पुन्हा म्हण, काय म्हटली?" असं विचारत होता. सगळं त्याला कळायचं नाही. निम्मं तो तिच्या ओठांवरून ओळखायचा. पुढे गावात बायका तिला चिडवायच्या, "कुसाबाई, घसा बसला का गं तुझा? पाटलासारखी बोलाया लागली!" ती त्याच आवाजात म्हणायची, "मंग मुजरा करा की!"

रविराजलाही ते जमलं, पण उशिरा. त्याला आधी वाटलं, आई चेष्टा करतेय. मग एका संध्याकाळी त्याने बापाजवळ बसून आवाज खाली घेतला आणि कसलंसं काही विचारलं. बापाने उत्तर दिलं.

मला मात्र त्यानंतर फारसं कुणी लावलं नाही. बॉक्स लग्नांना जाऊ लागले, प्लेअरची पिन झिजली आणि नवी मिळाली नाही. धोंडीराम कधीमधी मला फळीवरून काढतो, धोतराच्या सोग्याने पुसतो, फोटो बघतो आणि परत ठेवतो. त्याला आता माझी गरज नाही. बोलायला माणसं आहेत त्याच्याकडे. रिकाम्या दुपारी मला माझ्या बहिणींची आठवण येते. कुठल्या कुठल्या शहरांत त्या सुरेख कपाटांत असतील, माणसं डोळे मिटून त्यांना ऐकत असतील. माझ्या वाट्याला एकच दुपार आली आणि एकच ऐकणारा आला. ती दुपार मी त्यांच्या कुणाच्याही आयुष्याशी बदलणार नाही. तरी एकटं वाटायचं ते वाटतंच.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला उभी ठेवा. आडवी ठेवून वर ओझं टाकू नका, आम्ही वाकतो. उन्हात सोडू नका. एवढं आमच्यासाठी. आणि घरात कुणी ऐकेनासं झालं असेल, तर त्याच्यावर ओरडू नका, आणि कंटाळून खुणांवरही येऊ नका. कुठला आवाज त्याच्यापाशी अजून पोचतो, ते जवळ बसून शोधा. वेळ लागेल. पहिल्यांदा चुकेल. पण तोवर त्याच्याशी बोलणं सोडू नका.