गाडीला हात न लावण्याचा बोल

परशुराम भोईरांची बाटलीहिरवी ब्युक मोटार पहिल्यांदा वाडीत आली तेव्हा त्यांच्या बायकोनं, बायजाबाईंनी, तिच्यापुढे नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा लोकांच्या हातावर पडायच्या आत शेटनी ड्रायव्हरला हुकूम सोडला, "उत्तम, आधी पानी पुस. डाग पडंल."

माणूस कळायला एवढं पुरे होतं. पण त्या दिवशी वाडी हसली आणि खोबरं चघळत घरी गेली.

गाडी मिरवायला घेतली असं ठाण्यात म्हणत. वाडीला खरं कारण ठाऊक होतं. शेटची थोरली लेक तारा पहिल्या बाळंतपणात अडली, तिला बैलगाडीतून ठाण्याला नेत असताना माजिवड्याच्या अलीकडेच ती गेली. शेट तेव्हा बैलांशेजारून चालत होते. त्यानंतर त्यांनी खाडीकाठचं मिठागर एका कारखान्याला विकलं आणि ही गाडी घेतली. आता धाकटी शकू सातव्या महिन्यात माहेरी आली होती. जावई नाथा कल्याणला रेल्वेच्या यार्डात, तो रजा मिळेल तेव्हा येणार. शकूला मात्र वेळेवर नौपाड्यातल्या प्रसूतिगृहात पोचवायचं, आणि ते या गाडीतून, एवढं एकच शेटच्या डोक्यात होतं. बाप म्हणून ही बाजू त्यांच्या नावावर जमा धरली पाहिजे.

दुसरी बाजू अशी, की मिठागर विकलं तेव्हा निम्मी वाडी बसून राहिली. शेटचा थोरला चुलतभाऊ काळुराम जन्मभर त्या आगरात मीठ ओढत आलेला. तो आता कारखान्याच्या भिंतीला विटा वाहत होता. शेटनी त्याला एकदा गाडीतून माजिवड्यापर्यंत नेलं होतं, पण बसताना पाय झटकून घ्यायला लावले होते. काळुरामनं पाय झटकले आणि पुढच्या वेळेपासून चालत गेला.

चाकांवरच्या चकचकीत टोप्या गेल्या त्या नौपाड्यात, भर बाजारात. शेटना तसं वाईट वाटलं नाही, कारण टोप्या गेल्यामुळे ते वकील प्रभाकर देवस्थळींच्या ओट्यावर बसायला लायक ठरले. तिथे संध्याकाळी गाडीवाल्यांचा अड्डा जमे. कुणाच्या बॉनेटवरचं चांदीसारखं पाखरू कुणी उपटलेलं, कुणाच्या छपरावर ब्लेड मारलेलं, कुणाची अख्खी गाडी कोपरीतून नाहीशी होऊन मुंब्र्याला रिकाम्या सांगाड्यासारखी सापडलेली. जो तो आपलं नुकसान असं सांगे, जसं काही जावयाचा हुद्दा सांगतोय.

"तुमचं काय गेलं, भोईर?" वकिलांनी विचारलं.

"टोप्या. चारी."

"बस्स? अहो, ही सुरुवात आहे." वकील पान जुळवत म्हणाले, "आमचे चोर आम्हाला ओळखीचे नाहीत, म्हणून आम्ही पोलिसात जातो. तुमची पंचाईत वेगळी. तुमचे चोर तुमच्याच पंगतीला बसतात."

सगळे हसले. शेटही हसले. पण ते वाक्य त्यांनी घरी नेलं आणि पोसलं.

आठवड्याभरात गाडीच्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिळ्याची रेघ उठली. मग एके सकाळी बॉनेटवर पांढरे ओघळ दिसले. कुणीतरी मिठाचं खारं पाणी ओतलं होतं. उत्तमनं धुतलं, घासलं, पण ओघळ होता तिथला रंग मेला. तीन दिवसांनी पुन्हा तसंच. हे कुणी केलं ते आजवर ठरलेलं नाही. काळुरामनं केलं नाही, तो भांडायचं तर तोंडावर भांडे. पण ज्या घरात मिठाचं गाडगं नाही असं घर काही वाडीत नव्हतं.

"आज वरून ओततात," शेट बायजाबाईंना म्हणाले, "उद्या इंजनात ओततील. आनि नेमकी त्या दिवशी गाडी चालू झाली नाय तर? तारेसारखं…"

"अवो, असं बोलू नका."

"मी बोलत नाय. मी बंदोबस्त करताव."

बंदोबस्त म्हणजे पोलीस आणले असते तर बरं झालं असतं. पोलीस आले, जेवले, निघून गेले असते. शेटनी गावदेवी निवडली. सगळी वाडी देवळापुढे बोलावली आणि सांगितलं, की एकेका घरानं देवीपुढच्या नारळावर हात ठेवून बोल द्यायचा, नाहीतर उद्या घरोघर झडती.

काळुराम पुढे आला. "बोल काय, ते तूच सांग, परशा. मागनं आमच्यावर नको."

"माझ्या गाडीला वाडीतल्या कुनी हात लावायचा नाय."

"बऱ्या कामाला पन?"

"कसल्याच कामाला नाय. तुमची बरी कामं मना ठावी हायत. बोटसुद्दा लागलं नाय पायजे."

वाडीची सुईण आवडाबाई देवळाच्या पायरीवर बसली होती. परशुराम शेट तिच्याच हातावर जन्मलेले. ती म्हणाली, "परशा, देवीला दिलेला बोल मागं घेता येत नाय, लेकरा. जरा जागा ठेव त्याच्यात."

"जागा ठेवली तर तिथनंच शिरतील, आये."

एकेक घर पुढे आलं. नारळावर हात ठेवला, शब्द शेटचेच उच्चारले आणि परत गेलं. कुणी कुरकुरलं नाही. एवढा निमूटपणा पाहून खरं तर दुसरा कुणी घाबरला असता. शेट खूश झाले.

त्या दिवसापासून गाडीवर चरासुद्धा उठला नाही. गाडी देवळाजवळ उभी असली तर माणसं शेतातून वळसा घालत. बाया पदर आवळून जात, म्हशींना काठीनं पलीकडच्या अंगाला दाबत. कुणाचं पोर गाडीकडे धावलं तर आई त्याला दंडाला धरून मागे ओढी आणि थोबाडीत देई.

"शेट," उत्तम एकदा म्हणाला. तो साताऱ्याकडचा, त्याला या गोष्टी नवीन. "लोकं गाडीला अशी टाळत्यात, जसं काय आत देवीचा रोगी बसलाय."

"टाळू दे. रंग वाचला ना?"

नवव्या महिन्यात, अवसेच्या दिवशी सकाळी, शकूला कळा सुरू झाल्या. दिवस ठरल्यापेक्षा लवकरच आला होता. आवडाबाईंनी पोटावर हात फिरवला आणि बायजाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "पोर आडवं हाय. माझ्या हातचं नाय हे. निघा."

गाडी एका फटक्यात चालू झाली. शेटच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्यांचं हक्काचं होतं. मागे शकू, तिचं डोकं बायजाबाईंच्या मांडीवर. पुढे उत्तम आणि शेट.

"उधान हाय," काळुराम रस्त्याच्या कडेनं ओरडला. "बांधावर पानी चढलं आसंल. शेतातनं बैलगाडी काढ, परशा!"

बैलगाडी हा शब्द त्यानं काढायला नको होता. शेटनी मान वळवली नाही. "चल रे," ते उत्तमला म्हणाले.

वाडीतून आग्रा रोडला निघणारा मोटरीचा रस्ता एकच, जुन्या मिठागराच्या बांधावरून. पूर्वी मिठागराची माणसं दर उधाणाआधी बांधाच्या कडा लिंपून घेत. मिठागरच उरलं नाही तेव्हा लिंपणार कोण? पाणी बांधावरून वीतभर वाहत होतं. अर्ध्या वाटेवर डावी कड बसली आणि ती भली थोरली गाडी मागच्या चाकानं चिखलात उतरली. उत्तमनं इंजिन जोरात रेटलं तसं चाक आणखी खाली गेलं.

वाडी धावत आलीच. पुरुष, बाया, सगळी. आणि गाडीपासून चार हातांवर येऊन थांबली.

शेट गुडघाभर पाण्यात उभे होते. "बगता काय? ढकला! धा जनांचं काम हाय!"

कुणी हललं नाही.

"काळू! ढकल म्हनतो ना!"

"बोल दिलाय, परशा."

"मी सोडला बोल! सुटला! सगळ्यांच्या देखत सांगताव!"

"तू कोन सोडनार?" काळुरामच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तुना नाय दिलेला. देवीला दिलाय. मंगळवारी भगत कौल लावील, ती हो म्हनली तर सुटंल. आमच्या पन घरात पोरं हायत."

आत शकू ओरडली. बायांनी तोंडाला पदर लावले.

"पोरीला भायेर दे," काळुराम म्हणाला. "पोरीवर कसला बोल नाय. बाज आनलीय आमी. आठ खांदे हायत, पळत नेताव."

"खांद्यावर? हादऱ्यांनी मरंल ती!" शेट किंचाळले. "गाडी निघते. उत्तम, दगड घाल चाकाखाली. घाल!"

दगड घातले. फळी घातली. शेटनी स्वतः खांदा लावला. गाडी एकदा हलली, पुन्हा बसली, आणि पाणी पायदानाला लागलं. वाडी चार हातांवर उभी राहून बघत होती. हात मात्र जो तो पाठीमागे बांधून.

शेवटी दार आतून उघडलं. बायजाबाई उतरल्या, त्यांनी उत्तमला हाक मारली आणि दोघांनी मिळून शकूला उचलून पाण्याच्या वर धरलं. काळुरामनं पुढे होऊन तिला घेतलं. घेताना त्याचा कोपर उघड्या दाराला लागू नये म्हणून तो जवळजवळ वाकडा झाला. बाज उचलली गेली.

"चला," बायजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

शेटनी गाडीकडे बघितलं, मग मागे राहिलेल्या माणसांकडे. "तुमी व्हा पुढं. उत्तम माजिवड्यावरनं ट्रक आनि साखळी घेऊन येतो. गाडी निघाली का आलोच. तुमच्या आदी पोचंन."

"तारेच्या वक्ताला निदान तुमी शेजारनं चालत तरी होता," बायजाबाई म्हणाल्या आणि बाजेमागून निघाल्या.

वाडी पांगली. शेट गाडीत बसले, दारं आतून लावून घेतली. पाणी चढायचं तेवढं चढलं आणि ओसरू लागलं. हिरव्या पत्र्यावर मिठाची पांढरी रेघ राहिली, सगळ्या बाजूंनी सारखी.

ऊन कलल्यावर बांधावरून काळुराम धावत आला. धापा टाकत तो काचेपाशी थांबला. शेटनी काच बोटभर खाली केली.

"पोर आडवंच हाय. कापावं लागंल, डाक्टर म्हनतो. बापाची नायतर नवऱ्याची सही पायजे. नाथाकडं कल्यानला मानूस धाडलाय, पन तो दिवे लागल्याबिगर येत नाय. ऊठ, परशा."

"बायजाची सही घ्या."

"बाईची घेत नाय तो. आमी भांडलो त्याच्याशी. ऊठ!"

शेटनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या मागे, रिकाम्या बांधाकडे. "डाक्टरनं चिट्ठी दिलीय?"

"चिट्ठी?" काळुरामला आधी कळलंच नाही. "पोरगी तिथं ओरडते हाय, परशा."

"मी उठून गेलो, तर हितं कोन?"

काळुरामनं हात उगारला. काच फोडून शेटना गचांडी धरून बाहेर ओढायला त्याला क्षणभराचं काम होतं. हात काचेच्या वीतभर अलीकडे थांबला, आणि खाली आला.

तेवढ्यात माजिवड्याच्या बाजूनं ट्रकची घरघर ऐकू आली. टपावर उत्तम उभा राहून हात हलवत होता. शेटच्या अंगात जीव आला. आता ते दार उघडून खाली उतरले.

"बग, आला! साखळी लावली का निघालीच. तू बी बस गाडीत, दोगं जाऊ, लवकर पोचू. जरासं थांब."

काळुराम थांबला नाही. तो वळला आणि आला त्याच वाटेनं ठाण्याकडे धावत सुटला, एकटाच.

"काळू!" शेट चिखलातून साखळीचं टोक ओढत ओरडले. "डाक्टरला सांग, हात चालव म्हनावं! गाडी निघाली म्हनून सांग!"