सहाव्या गाण्यातले ड्रम्स

शनिवारी सकाळी मामा एका वरच्या कवळीचे दात मेणात बसवत होता आणि शेजारी पेपरची पुरवणी उघडी ठेवली होती. ही दोन कामं एकाच वेळी करू नयेत, हे तीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण पुरवणीत भाचीने लिहिलेलं परीक्षण आलं होतं, तेही त्याच्या चौघांच्या नव्या अल्बमचं. मग धीर कुठला निघतोय!

त्याचे चौघे म्हणजे एक रॉक बँड. मिसरूड फुटायच्या आधीपासून मामा त्यांच्यावर जीव टाकून होता. आता गायक त्र्याहत्तरचा, ड्रमर त्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि अकरा वर्षं गप्प बसल्यावर त्यांनी नऊ गाण्यांचा अल्बम काढला होता. मामाने तो आठ दिवसांत किती वेळा ऐकला ते सोडा. शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या बाईंनाही तो पाठ झाला होता, आणि त्यांनी तर लावा म्हणूनही सांगितलं नव्हतं.

परीक्षणाचं शेवटचं वाक्य त्याच्या नजरेस आधी पडलं. 'वयाच्या मानाने बरा प्रयत्न.'

हातातली गरम सुरी मेणात खोल रुतली. पुढचा दात तिरका झाला.

"वयाच्या मानाने!" तो ओरडला. "माझी कवळी घालून कोणी म्हणतं का, की करणारा साठीचा आहे, त्या मानाने बरं चावता येतं?"

"एकसष्टचा," बाई म्हणाल्या.

"माणूस गातोय कसा ते सांगा ना! वय कशाला विचारताय, स्थळ बघताय का त्याच्यासाठी? वरचा आवाज गेला त्याचा, मान्य. म्हणून तर तो आता खालून गातो. पूर्वी जे बोंबलून सांगायचा ते आता कानाशी येऊन सांगतो, आणि जास्त झोंबतं! या चौघांचंच कशाला, ती दुसरी कीबोर्डवाली घ्या, सत्तरीची. आख्खा अल्बम स्वयंपाकघरात बसून केला तिने. मध्येच खुर्ची करकरते, ती तशीच ठेवलीय. आहे का पंचविशीतल्या कोणाची छाती? आणि तिसरा तो एकट्याने वाजवणारा गिटारवाला. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. रडत बसला का? तारा वेगळ्या लावल्या आणि उरलेल्या दोन बोटांत असं काही वाजवलं, की दहा बोटंवाल्यांनी गिटारी विकाव्यात. एका वर्षात तीन अल्बम, तिन्ही म्हाताऱ्यांचे, तिन्ही सोन्यासारखे. आणि आमची भाची म्हणते, बरा प्रयत्न!"

बाईंनी पॉलिशचं मशीन सुरू केलं. त्यांचा हा नेहमीचा उपाय होता.

मामा परीक्षण पुन्हा वाचायला लागला, या वेळी पहिल्या ओळीपासून. मधेच एका वाक्यावर तो थबकला. 'सहाव्या गाण्यात ड्रम्स थकलेले वाटतात, ठेका रेटत न्यावा लागतो.' त्याने ते तीनदा वाचलं. मग उठून बाईंचं मशीन बंद केलं.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, आणि तो हळू बोलायला लागला की बाईंना जास्त धास्ती वाटायची. "सहाव्या गाण्यात ड्रम्स आहेत का हो?"

"नाहीत. ते धाडधाड नाही म्हणून तर तेवढं एकच मला आवडतं."

मामाने एप्रन काढून खुर्चीवर फेकला आणि जिना उतरला.

ही भाची शाळेत होती तेव्हा ताईची नोकरी संध्याकाळपर्यंत असायची, म्हणून दुपारची ती मामाच्या कारखान्यात बसायची. त्यानेच तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले होते. पूर्ण ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही त्याची एकच अट. नऊ वर्षांची असताना तिने एका गाण्यात बास गिटार अर्धा क्षण उशिरा येते हे पकडलं, तेव्हा मामाने ते घरोघरी सांगितलं होतं. आणि तीच पोरगी! रस्ताभर त्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

पेपरच्या कचेरीत पुरवणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सहा टेबलं, प्रत्येकावर कागदांचा ढीग. भाची खिडकीजवळ टाइप करत होती.

"मामा? तू इथे कसा?"

"सहाव्या गाण्यात ड्रम्स कोण वाजवतं गं?"

"काय?"

"थकलेले वाटतात म्हणे. कोण थकलंय ते विचारायला आलोय. कारण त्या गाण्यात ड्रम्स नाहीतच! मनगटाचं ऑपरेशन झालं म्हणून ड्रमर त्यात गातोय. मागचा तो दुसरा आवाज त्याचा आहे. आयुष्यात पहिल्यांदा गायलाय माणूस, आणि तू त्याला थकवून मोकळी झालीस!"

खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला. भाचीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"बाहेर बोलू या," ती म्हणाली.

"लिहिताना चारचौघांत लिहिलंस ना? मग इथेच बोल. ऐकलास का अल्बम?"

"दोन गाणी ऐकली. बाकी त्यांच्या प्रसिद्धिपत्रकावरून." तिचा आवाज चढला. "आठवड्याला सात अल्बम येतात, मामा! सात! गुरुवारी दुपारपर्यंत सगळे लिहून हवेत. कधी ऐकू?"

"मग लिहू नकोस! ऐकलं नाही म्हणून सांग! ही लबाडी आहे."

तो शब्द ऐकून कोपऱ्यातल्या टेबलावरचे संपादक उठून उभे राहिले. भाचीने पिशवी उचलली आणि मामाकडे न बघता खोलीबाहेर गेली.

तो कारखान्यात पोचतो न पोचतो तोच ताईचा फोन आला. "तुला लाज नाही का रे? पोरीच्या कामाच्या जागी जाऊन तमाशा केलास? कुठले कोण ते म्हातारे, ते तुला रक्ताच्या नात्यापेक्षा जवळचे झाले?"

"ताई, ती खोटं लिहिते."

"गाण्याबद्दल रे! गाण्याबद्दल!"

"हो, गाण्याबद्दल!" मामा ओरडला आणि फोन आपटला. तिरका दात सरळ करायला बसला, तर शेजारचाही तिरका करून ठेवला. लबाड म्हणायला नको होतं हे त्याला कळत होतं, पण त्यामुळे राग कमी होत नव्हता. उलट आता त्यात स्वतःवरच्या रागाची भर पडली होती.

आठवडाभर भाचीचा फोन नाही. पुढच्या शनिवारी पुरवणीत एक चौकट आली. 'गेल्या आठवड्याचं परीक्षण मी पूर्ण अल्बम न ऐकता लिहिलं. चूक माझी आहे.' खाली तिचं नाव, आणि त्याच्याखाली नवं परीक्षण, तिप्पट लांब.

मामा उभ्या उभ्या वाचू लागला. सहाव्या गाण्यावर तिने एवढं सुंदर लिहिलं होतं, की त्याने ते बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मग तो पुढे गेला. तिसऱ्या गाण्याचे शब्द आळशी आहेत. चौथं आणि आठवं म्हणजे एकच चाल, फक्त कपडे बदललेली. 'या कलाकारांना वयाची सवलत द्यायची नसेल, तर हेही सांगायला हवं.'

"एकच चाल!" मामा कडाडला. "बाई, चौथं लावा. आता आठवं लावा."

बाईंनी लावलं. दोघांनी ऐकलं.

"एकच आहे की," बाई म्हणाल्या.

मामाने भाचीला फोन लावला. "आठव्यात गिटार वेगळी आहे!"

"गिटार वेगळी आहे, चाल तीच आहे. आणि ऐक, ती चौकट छापली म्हणून महिनाभर माझ्याकडचे अल्बम काढून घेतलेत. पाककृती तपासत बसलेय मी."

"खरं सांगितल्याची शिक्षा? तुझ्या त्या संपादकाचा नंबर दे मला!"

"मामा, तू पुन्हा तिथे पाऊल ठेवलंस तर तुझी माझी ओळख नाही!" ती एवढ्या जोरात किंचाळली, की बाईंनाही ऐकू गेलं. मग म्हणाली, "आणि लबाड म्हणालास ते मी विसरणार नाही."

"नको विसरूस," मामा म्हणाला. "पण तिसऱ्याचे शब्द आळशी कसे? शब्द साधे आहेत, आळशी नाहीत. दुसरं कडवं ऐकलंस का नीट?"

"चार वेळा!"

"मग पाचव्यांदा ऐक!"

"तू ऐक!"

बाईंनी उठून तिसरं गाणं लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि दोघांचं भांडण ऐकू येणार नाही अशा बेताने मशीन सुरू केलं.