खोगीरवाल्याच्या मागची खोली

पाय लचकून दीड महिना घरात पडून राहिलेली मावशी पहिल्यांदा बाहेर पडली, त्या दिवशी तिला पहिलं खटकलं ते पाववाल्याचं बाळ.

मावशी म्हणजे गावची सुईण. तिचं खरं नाव तिच्या सुनेला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. वीस वर्षांत त्या गावात जे मूल जन्माला आलं ते तिच्याच हातात आलं, आणि जो कुणी गेला त्याला शेवटची अंघोळही तिनंच घातली. त्यामुळे गावातलं तिचं वजन असं होतं की नवीन सुना सासूला एक वेळ उलटं बोलतील, मावशीला नाही.

पाववाल्याचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला. भट्टीमागच्या उबदार खोलीत बाळाला मांडीवर घेऊन मावशी त्याच्या पाठीला तेल लावत होती, आणि बाळ मान वळवून गल्लीच्या उताराकडे तोंड करून होतं. तिकडे नुसती भिंत. मावशीनं हळूच मान सरळ केली. बाळानं ती परत वळवली. रडलं नाही, कुरकुरलं नाही. तिनं त्याला उलटं फिरवून घेतलं, तशी त्यानं मान दुसऱ्या बाजूला टाकली, म्हणजे पुन्हा उताराकडेच.

"मान आखडलीय की काय गं याची?"

"छे हो मावशी, ते असंच बघतं," पाववाली पीठ मळता मळता म्हणाली. "महिना झाला. बापावर गेलंय, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं."

मावशी हसली. पण गल्लीच्या खालच्या टोकाला रंगाऱ्याकडे गेली तेव्हा तिचं हसू मावळलं. रंगाऱ्याची जुळी एका पाळण्यात दोन टोकांना डोकी करून निजली होती, आणि दोघांची तोंडं एकाच बाजूला, चढाकडे. मोलकरणीच्या मुलीचं तेच. कासाराच्या नातवाचं तेच. दुपारी घरी येऊन तिनं आपल्या आठ महिन्यांच्या नातवाकडे, ढब्बूकडे, पाहिलं. हा दीड महिना भिंतीकडे तोंड करून झोपत होता आणि तिला वाटत होतं, दारातून वारा येतो म्हणून. तिनं मनातल्या मनात सगळ्या घरांतल्या माना एकापुढे एक ठेवून पाहिल्या. सगळ्यांची नजर गल्लीच्या मधोमध एकाच ठिकाणी येऊन मिळत होती. खोगीरवाल्याच्या दुकानामागे.

तिनं ढब्बूला उचलून छातीशी घट्ट धरलं.

तेवढ्यात सून आत आली. "आई, बाहेर तीन परके आलेत. तुम्हालाच विचारतायत."

तिघं ओट्यापाशी उभे होते. कपडे भारी, पण धुळीनं इतके माखलेले की रंग ओळखू येत नव्हता. सगळ्यात म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, दिसत नव्हतं. मधल्यानं त्याचा हात धरला होता. बोलला तो मधलाच.

"बाई, आम्ही फार लांबून आलो आहोत. एका बाळाला भेटायचंय."

"कुणाच्या?"

"ते ठाऊक नाही. राजा व्हायला जन्मलेलं बाळ आहे."

मागे जमलेल्या बायकांत खसखस पिकली. "आमच्याकडे सगळीच राजे आहेत," एक म्हणाली, "एकही कामाला हात लावत नाही." तिघांपैकी कुणी हसलं नाही.

"एक तारा आम्हाला इथवर घेऊन आला," मधला म्हणाला. "पण दोन रात्री आभाळ भरलेलं आहे. राजवाड्यात विचारलं. तिथून या गावाचं नाव मिळालं. गावात विचारलं तर सगळे म्हणाले, मूल शोधायचं तर मावशीला विचारा."

आता इथं मावशी गप्प बसली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण दीड महिना तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तीन परदेशी पाहुणे साऱ्या गावासमोर तिच्या दारात उभे होते. ती म्हणून गेली, "तारा कशाला हवा? आमची पोरंच दाखवतील तुम्हाला."

तिनं त्यांना घरोघर नेलं. म्हातारा प्रत्येक पाळण्याशी वाकायचा, बाळाचा गाल बोटांनी चाचपायचा, मान कुठं वळली आहे ते हातानंच ताडायचा आणि पुढे चालू लागायचा. चार घरं झाल्यावर त्यानं मधल्याचा हात सोडला आणि एकटाच चालत खोगीरवाल्याच्या बोळात शिरला.

त्या मागच्या खोलीत एक परगावचा सुतार बायकोला घेऊन राहत होता. शिरगणतीसाठी गाव माणसांनी ओसंडत होतं तेव्हा ही दोघं आली होती आणि जागा नाही म्हणून आधी गोठ्यात राहिली होती. मूल तिथंच झालं. मावशी त्या वेळी पाय वर टांगून घरात. तिला कुणी सांगितलंही नव्हतं. आपल्या गावात एक मूल आपल्या हाताबाहेर जन्मलं, हे तिला इतकं लागलं की भीतीबीती बाजूला राहिली.

"नाळ कुणी कापली?" आत शिरताच तिनं विचारलं.

"मीच," सुतार ओशाळून म्हणाला. "दुसरं कोण होतं?"

तिनं आईच्या मांडीवरून बाळ उचललं. टाळू पाहिली, बेंबी पाहिली, तळव्याला बोट लावून पाहिलं. बेंबी नीट सुकली होती. साधं, चांगलं पोसलेलं मूल. त्याची मान कुठंच वळलेली नव्हती. ते आईच्या पदराकडे झेपावत होतं आणि पदर मिळेना म्हणून त्यानं भोकाड पसरलं. मावशीला इतकं हायसं वाटलं, की ती त्या पोरसवदा आईकडे पाहून हसली. मग तिच्या लक्षात आलं, की बोळापलीकडे कासाराचा नातू रडत होता तो एकदम थांबला. त्यापलीकडचं मोलकरणीचं मूलही थांबलं. या एका बाळाचं रडणं सोडलं तर साऱ्या गल्लीत एकही आवाज नव्हता. आईनं त्याला पाजायला घेतलं, ते गप्प झालं, आणि हळूहळू बाकीचे आवाज परत सुरू झाले.

तिघं जमिनीवर डोकं टेकून बसले होते. आणलेल्या वस्तू त्यांनी एकेक करून पुढे ठेवल्या. सोनं होतं, धूप होता. म्हाताऱ्यानं शेवटची कुपी उघडली आणि तो वास मावशीनं लगेच ओळखला. मेलेल्याच्या अंगाला लावायचा लेप.

"अहो, हे तान्ह्या मुलाला नाही देत," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. त्यानं कुपी बंद करून बाळाच्या पायाशी ठेवली. आई त्या कुपीकडे बघत राहिली. 

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी विहिरीवर गेली तर तिघं उंटांना पाणी पाजत होते. मधला तिच्याजवळ आला.

"आम्ही राजवाड्याकडून परत जाणार नाही. रात्री तिघांनाही एकच स्वप्न पडलं. राजानं आम्हाला सांगितलं होतं, मूल सापडलं की मला कळवा, मीही दर्शनाला येतो. फार गोड बोलला. पण तारा नेमका कधी दिसला, हे त्यानं तीनदा विचारलं."

मावशीनं घागर तिथंच ठेवली आणि खोगीरवाल्याचा बोळ गाठला. खोली उघडी होती, आत कुणी नव्हतं. रंध्याखालचा भुसा तेवढा पडून होता. सुतारालाही रात्री तसंच स्वप्न पडलं असावं.

घरी आली तेव्हा ढब्बू जागा होता. दीड महिना भिंतीला खिळलेली त्याची मान आता सरकत होती. लांबून पायी चाललेल्या माणसावर नजर ठेवावी तशी, इतकी सावकाश की बघत बसलं तरच कळावं. भिंतीवरून खिडकीकडे, खिडकीवरून दाराकडे. दुपारपर्यंत ती दक्षिणेला येऊन थांबली, ओसाड माळाच्या दिशेला, आणि तिथंच राहिली.

तिसऱ्या दिवशी राजवाड्याचा कारकून आला. चार शिपाई त्यानं वेशीबाहेर थांबवले आणि एकटाच आत आला. नीटनेटका, हळू बोलणारा माणूस, हातात यादी.

"मावशी म्हणतात ना तुम्हाला? मग मीही मावशीच म्हणतो," तो म्हणाला. "परवा तुम्ही पाहुण्यांना गाव दाखवलंत असं कळलं. मलाही दाखवा. दोन वर्षांच्या आतली मुलं फक्त."

नाही म्हणायची सोय नव्हती. तेच दरवाजे, त्याच क्रमानं. पाववाल्याकडे त्यानं बाळाला सराईतपणे खांद्यावर घेतलं, त्याची ढेकर काढली. "माझीही तीन आहेत," तो म्हणाला. पाववालीनं त्याला ताजा पाव दिला. त्यानं बाळाचं वय विचारून लिहून घेतलं. रंगाऱ्याकडे मात्र तो पाळण्याशी बराच वेळ थांबला. मग त्यानं स्वतःच पाळणा उचलून उलटा फिरवला आणि हात बांधून उभा राहिला. जुळ्यांनी, एकामागोमाग एक, माना परत दक्षिणेला नेल्या.

तो बाहेर आला. माळाकडे बघत त्यानं विचारलं, "तिकडे काय आहे?"

"काही नाही. दोन दिवस पाणीसुद्धा मिळत नाही."

"हं."

मावशीच्या डोळ्यांसमोर ढब्बू होता. चौदा मुलं होती गावात, तिच्या हातांत आलेली, आणि तिकडे माळावर एक होतं, जे तिच्या हातात आलं नव्हतं. तिनं हिशेब केला असं नाही. तिच्या तोंडून निघून गेलं.

"तिकडेच गेलेत ते. सुतार आहे, बायको आहे. घोड्यावरून गेलात तर गाठाल. आमच्या पोरांना सोडा."

कारकून तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता.

"ते मला कळलं, मावशी. पाळणा फिरवला तेव्हाच कळलं. पण मी वर जाऊन काय सांगू? तान्ह्यांच्या माना बघून आलो म्हणून? माझीच मान जायची. मला सांगितलंय मूल या गावात आहे, आणि यादी करून आण. यादी पुरी झाली." त्यानं कागद गुंडाळला. "तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही. शिपायांची तुकडी उद्या दुपारी येईल. तेही तुम्ही ऐकलं नाही."

तो गेला. मावशीला बसायला वेळ नव्हता. ती लचकलेल्या पायानं दारोदार फिरली. रंगाऱ्यानं चुलीवरचं भांडं तसंच ठेवून जुळ्यांना उचललं. मोलकरीण मुलीला घेऊन माहेरी निघाली. संध्याकाळपर्यंत अकरा मुलं गावाबाहेर पडली होती.

तीन घरांनी ऐकलं नाही. पाववाली तर रागावलीच.

"काहीतरीच काय मावशी. इतका भला माणूस. माझ्या बाळाची ढेकर काढली त्यानं. असला माणूस असं करेल?"

"करेल गं. निघ तू."

"भट्टी सोडून कुठं निघू? हे बाहेरगावी गेलेत, उद्या येतील. मग बघू."

मावशी उंबऱ्यात घुटमळली. घरी सून बोचकं बांधून थांबली होती. मुलगा दगडाच्या खाणीवर कामाला होता, तिथवर उजेड असेतो पोचायचं होतं. मावशी वळली आणि घराकडे गेली. सुनेच्या कडेवर ढब्बूला नीट बांधून दिलं, आणि स्वतः मागे राहिली.

तुकडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. अर्ध्या घटकेत काम उरकून गेली. त्या तिन्ही बाळांना शेवटची अंघोळ मावशीनंच घातली. तिघांच्या माना सैल होत्या. ठेवू तशा राहत होत्या.

मुलगा आणि सून पुढे खाणीवरच स्थिरावली. ढब्बू वाढला. माळावर गेलेल्यांचं काय झालं ते मावशीला कधी कळलं नाही, आणि आपण त्यांची वाट सांगितली होती हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

गावात ती पूर्वीसारखी राहिली, पण पाववालीनं तिच्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षांनी पाववालीचे दिवस पुन्हा भरले तेव्हा तिनं शेजारच्या गावची सुईण बोलावली, पण मूल सुटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पाववाला मावशीच्या दारात येऊन उभा राहिला.  मावशीनं पदर खोचला आणि निघाली.

मूल आडवं होतं. मावशीनं हात घातला, तशी पाववालीनं तिचं दुसरं मनगट पकडलं.

"त्या दिवशी मला ओढून का नाही नेलंत, मावशी?"

मावशीला खूप काही सांगता आलं असतं. "घरी सून थांबली होती," ती म्हणाली. "ढब्बूला बाहेर काढायची घाई होती."

पाववालीनं मनगट सोडलं नाही. कळ आली की नखं आत रुतत होती. मावशीनं हात काढून घेतला नाही. एका हातानंच मूल वळवलं, तासभर लागला. मुलगी झाली. आधी निळी, मग लाल. तिला पुसून, गुंडाळून मावशीनं आईच्या कुशीत दिलं आणि रक्तानं भरलेली फडकी गोळा करायला लागली.

"ते राहू द्या," पाववाली म्हणाली. मुलीला पदराखाली घेत तिनं विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

"नाही," मावशी म्हणाली.

"फडताळात पाव आहे. घ्या."