स्फोट साधाच होता

साहेबांना मोठा स्फोट हवा होता. वेधशाळेचे संचालक ते. राईचा पर्वत करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सभागृह देणगीदारांनी भरलं होतं आणि पडद्यावर ठळक अक्षरं झळकत होती: ‘आजवरचा सर्वांत शक्तिशाली सुपरनोव्हा!’

ताऱ्याचा हा स्फोट जिला सापडला, ती संशोधक मंचाच्या कडेला उभी होती. अंगानं लहान, जिभेनं तिखट, म्हणून मावशीनं तिला लहानपणीच मिरची करून टाकलं होतं. तिचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि पुढच्या करारावरची सही साहेबांच्या हातात होती.

“तेवढं वाक्य वाच आणि बस,” साहेब कुजबुजले.

“ते खोटं आहे, सर. स्फोट साधाच होता.”

“मग काय, फुसका बार म्हणून सांगू लोकांना?”

“उजेड खराच आहे. तो कुठून आला, तेवढंच तुम्ही गाळलंत.”

“तुला दुर्बीण हवी आहे ना?”

हवी होती. दुर्बिणीवाचून तिला करमत नसे. दुसरं काही तिला येतही नव्हतं. ती हातची जाईल, अशी तिला भीती वाटली. मग त्या भीतीचाच तिला असा राग आला की ती तरातरा माईकपाशी गेली.

“पडद्यावरचं वाक्य चुकीचं आहे,” ती म्हणाली. “हा तारा मरायच्या आधी बरीच वर्षं अंगावरचे थर भिरकावून देत होता. तो वायू लांब गेला नाही, भोवतीच रेंगाळला. मग तारा फुटला, चारचौघांसारखाच. पण फुटून उडालेला मलबा सुसाट निघाला आणि त्याच वायूवर जाऊन आदळला. हा उजेड त्या टकरीचा आहे. इतर तारे फुटतात आणि विझतात. हा अजून विझायचं नाव घेत नाही, कारण—”

इथे माईक बंद पडला. पडला कसला, पाडला. साहेबांनी खूण केली होती.

“अगं, ऐकू येत नाही!” मागच्या रांगेतून मावशी ओरडली. “मोठ्यानं बोल की! घरी तर बोलतेस!”

लोक हसले. मिरचीनं घसा खाकरला आणि आवाज चढवला. “कारण टक्कर अजून चालू आहे!”

साहेब ताडकन उठून मंचासमोर आले. आता माईक त्यांनाही नव्हता, त्यामुळे त्यांना ओरडावं लागलं आणि ते साऱ्या सभागृहानं ऐकलं. “खाली उतर! उद्यापासून दुर्बिणीला हात लावायचा नाही!”

मिरचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेली दुर्बीण. ज्याला ती भीत होती ते होऊन गेलं होतं. आता साहेबांकडे तिच्याकडून काढून घेण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

“नाही लावणार,” ती म्हणाली. “पण तुम्ही खाली बसा, सर. मागच्यांना दिसत नाहीये.”