राहीच्या पेटीची मुकी पट्टी

शाळेवरून जाताना पोरांचं गाणं कानी पडलं की सयाजी रस्ता बदलायचा. गाणं त्याच्या बायकोचं, राहीचं होतं आणि शिकवत होती दुसरीच.

राहीने महाडच्या शाळेत गाण्याचा वर्ग सुरू केला तो अकरा पोरांवर. पगार नाही, काही नाही. दर शनिवारी बापाची जुनी पेटी घेऊन ती शाळेच्या ओसरीवर बसायची. दोन वर्षं वर्ग चालला. मग श्रावणात तापाने राही गेली. सयाजीने पेटी तिच्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

पुढच्या वर्षी इथल्या कचेरीत एक कारकून बदलून आला, त्याच्याबरोबर त्याची बायको चंद्राबाई महाडात आली. तिने तीच पोरं पुन्हा जमवली, राहीची गाणी पोरांच्याच तोंडून शिकून घेतली, मुंबईकर मंडळींकडून नवी पेटी आणवली. बघता बघता महाडच्या तीन शाळांत वर्ग झाले. आता पोलादपूरलाही.

"सयाजी, चंद्राबाईंचा वर्ग एसटीत बसून पोलादपूरला निघाला रे," चहाच्या दुकानात गोमाजी म्हणाला.

"राहीचा वर्ग."

"तेच रे. पण तू कशाला जळतोस? तू गायलास तर बैल दावं तोडून पळंल."

सयाजी अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

त्याच आठवड्यात चंद्राबाई दारात आली. "पोलादपूरच्या मुलांना पेटी नाही हो. दर खेपेला इथली कशी नेऊ? राहीबाईंची मिळाली तर बरं होईल."

"उंदरांनी खाल्ली," सयाजी म्हणाला.

ती गेल्यावर त्याने माळ्यावर चढून पेटीवरची धूळ पुसली.

पोलादपूरच्या पोरांचं पहिलं गाणं ऐकायला मात्र तो गेला. पोरं चुकावीत, एवढंच त्याच्या मनात होतं. शाळेत तो मागे भिंतीला टेकून बसला.

पोरांनी राहीचं सावित्री नदीचं गाणं धरलं. दुसऱ्या ओळीत मध्येच सगळी गप्प झाली, एक टाळी वाजली आणि पुन्हा गाणं पुढे.

सयाजी ताठ बसला. राहीच्या पेटीची एक पट्टी मुकी होती. नेमकी त्या जागी पोरं सूर सोडायची, म्हणून तिने तिथे टाळी घातली होती. नवी पेटी सगळीच्या सगळी वाजत होती, तरी टाळी होती. यातल्या एकाही पोराने राहीला पाहिलेलं नव्हतं.

"टाळीची गंमत छान आहे," हेडमास्तर म्हणाले.

"आमच्या वर्गाची पद्धत आहे ती," चंद्राबाई हसून म्हणाली.

सयाजी उठून सरळ पुढे गेला.

"बाई, पेटी देतो."

"उंदरांनी खाल्ली ना?"

"नाय खाल्ली. पण तिची मुकी पट्टी दुरुस्त करायची नाय."

"कोणती पट्टी?"

"जिथं तुमची पद्धत वाजते ती."

चंद्राबाईला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला. ती हेडमास्तरांकडे वळली. "टाळी माझी नाही. राहीबाईंची आहे. मला ठाऊक नव्हतं."

तिने ते इतक्या सहज कबूल केलं, याचाही सयाजीला राग आला.

शनिवारी त्याने पेटी एसटीतून मांडीवर धरून नेली. चंद्राबाईच्या पुढ्यात ठेवली आणि वर्ग सुटेपर्यंत पेटीला खेटून बसून राहिला.