तुळसाबाई पडली ती पायरी

मी पायरी बोलतेय. म्हणजे होते पायरी, असं म्हणायला हवं. सध्या मी जेसल पार्कातल्या एका चार मजली बिल्डिंगच्या पंपरूमजवळ, दोन विटांवर आडवी ठेवलेली काळ्या कडप्प्याची लादी आहे. लोक माझ्यावर बसून चपलेतला खडा काढतात. माझी तक्रार नाही. खरं सांगायचं तर मला आता कशाचंच फारसं काही वाटत नाही. तरी एक साक्ष द्यायची राहिली आहे. कोर्टात मला कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते.

कुठल्या खाणीत जन्मले ते आठवत नाही. ट्रकमधून आले, मशीनवर कापली गेले, पॉलिश झाले आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात खालून सातवी म्हणून बसले. बिल्डिंगला लिफ्ट नाही. गिरगाव-लालबागमधून दोन खोल्यांच्या हौसेने इकडे आलेली वरच्या मजल्यांवरची सगळी बिऱ्हाडं माझ्यावरूनच चढायची. चढताना माणसं बिल्डरला शिव्या देतात आणि उतरताना विसरतात, हे मी तिथेच शिकले.

माझी कड सिलिंडरवाल्याने मोडली. भरलेला सिलिंडर खांद्यावरून वर न्यायचा आणि रिकामा पायऱ्यांवरून ठणाठणा आपटत खाली आणायचा, ही त्याची रीत. एक दिवस कठड्याच्या बाजूची माझी वीतभर कड उडाली. दुखलं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, तेव्हा सेक्रेटरी काशीनाथराव म्हणाले, "रंगकाम काढू तेव्हा एकदमच करू." रंगकाम दोन वर्षं निघालं नाही. लोकांना सवय झाली. सगळे आपोआप भिंतीकडून पाय टाकू लागले.

तुळसाबाईलाही ती सवय होती. तुळसाबाई परभणीकडची. नवरा नागोराव वारल्यावर ती आणि मुलगी पायल खाडीकडच्या चाळीत राहायच्या. आजारी माणसं सांभाळणं हे तिचं काम. तिसऱ्या मजल्यावरच्या गोदूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं तीच करायची. तिच्या हातून कधी कुणी पलंगावरून घसरलं नाही, म्हणून तिला एका घरातलं काम संपायच्या आत दुसऱ्या घराचं बोलावणं यायचं.

दोन हजार तीनच्या संक्रांतीला काशीनाथरावांच्या सुनेने, नीलिमाने, हळदीकुंकू ठेवलं. मुलगी हौशी. तिने पहिल्या मजल्यापासून आपल्या दारापर्यंत प्रत्येक पायरीला गेरू लावला. माझी मोडकी कड वाईट दिसत होती, म्हणून तिने मातीत गेरू कालवला, खाच भरली, वरून हात फिरवला. मग भिंतीपासून माझ्या मध्यापर्यंत मोराची रांगोळी काढली. मी अगदी नवी दिसत होते.

पाचच्या सुमाराला तुळसाबाई काम आटपून उतरत होती. हळदीकुंकू तिच्या घरी करत नाहीत, आणि तिला बोलावणंही नव्हतं. पण दुसऱ्याची रांगोळी तुडवायची नाही, एवढं वळण तिला होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, "बरं झालं, केली एकदाची नीट," असं पुटपुटली आणि मोर चुकवून कठड्याच्या बाजूला पाय ठेवला. ओली माती सुटली. खालच्या सहाही पायऱ्यांवरून ती गडगडत खाली गेली.

रेशमी साड्यांतल्या बायका वाण हातात घेऊन धावत आल्या. तुळसाबाई लँडिंगवरून म्हणाली, "काई नाई, काई नाई. माझंच ध्यान नव्हतं."

आपल्याकडे पडलेलं माणूस आधी हेच म्हणतं. लागलेल्यापेक्षा लाज जास्त वाटते. पण काशीनाथरावांनी तिचं हे वाक्य त्याच संध्याकाळी रजिस्टरमध्ये उतरवून तिची सही घेतली, आणि साक्षीदार म्हणून आणखी दोघांच्या. नीलिमाने बादलीभर पाणी ओतून गेरू धुऊन काढला.

तुळसाबाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. रॉड घातला. पाच महिन्यांनी ती काठी घेऊन काम मागायला निघाली, तेव्हा तिच्याआधी सोसायटीची गोष्ट पोचली होती: बाई स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली. लोक दारातूनच म्हणायचे, जिला स्वतःला सांभाळता येत नाही ती पेशंटला काय सांभाळणार? पाय मोडला त्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. पायल तेव्हा कॉलेजात होती. तिने एक वकील गाठला आणि नुकसानभरपाईची नोटीस पाठवली.

नोटीस आली त्याच आठवड्यात बबन गवंडी आला. रंगकामासाठी दोन वर्षं थांबलेलं काम अर्ध्या दिवसात झालं. त्याने मला उखडलं, जागेवर नवी लादी बसवली आणि मला पंपरूमच्या भिंतीला टेकवलं, मोडकी कड मातीत. पुढे ठाण्याच्या कोर्टाने पाहणीला माणूस पाठवला. त्याने जिना तपासला आणि लिहिलं, सातवी पायरी सुस्थितीत. बरोबरच लिहिलं त्याने. मी त्याच्यापासून पंधरा पावलांवर होते.

मग चार वर्षं तारखा पडल्या. रॉड हलला, पाय आखडला. डॉक्टर म्हणाले, खुबा बदलावा लागेल, आणि तोही याच वर्षी. तेव्हा सोसायटीकडून तडजोडीचा निरोप आला.

रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये सगळे जमले. तुळसाबाईला जिना चढवत नव्हता, म्हणून कमिटीच खाली उतरली. खुर्च्या कमिटीला पुरल्या. तुळसाबाईसाठी वॉचमन रामूने दोन विटा मांडल्या आणि त्यांवर मला ठेवलं. ती माझ्यावर बसली.

पायलने कागद वाचून दाखवला. सोसायटी माणुसकीच्या नात्याने ऑपरेशनचा खर्च देते. तुळसाबाई दावा मागे घेते आणि मान्य करते की ती स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली.

"साहेब," तुळसाबाई म्हणाली, "पैसे थोडे कमी द्या. पर निष्काळजीपनाची तेवढी वळ काढा. त्याच बोलन्यापायी मला कुनी कामाला बोलवत न्हाई."

"अहो बाई, वकिलांनीच घातलीय ती," काशीनाथराव म्हणाले. "आणि तुम्हीच बोलला होतात ना त्या दिवशी? सही आहे तुमची."

सावरून बसण्यासाठी तुळसाबाईने माझ्या कडेला हात लावला, आणि तो खाचेत गेला. बराच वेळ ती बोटांनी चाचपत राहिली. मग बोटं वर करून पाहिली. लाल झाली होती.

"पायल, हितं बघ गं."

पायल वाकली आणि ओरडलीच, "आई, हीच ती! काका, बघा ना, हीच तुटलेली पायरी! गेरू आहे अजून!"

"कडप्प्याच्या लाद्या सगळ्या सारख्याच असतात," काशीनाथराव म्हणाले. "उगाच आरडाओरडा नको."

नीलिमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तुळसाबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. "ताई, तुमी सांगा. तुमीच भरली व्हती ना?"

नीलिमाने सासऱ्यांकडे पाहिलं, मग ट्रेकडे. "चहा थंड होतोय," ती म्हणाली.

"आई, सही नको करू," पायल रडत होती. "ही आपण कोर्टात दाखवू."

"अजून चार वर्सं?" तुळसाबाई म्हणाली. "पाय ऱ्हानार न्हाई तंवर. दे पेन."

तिने सही केली. मग चहा घेतला आणि कप रिकामा करून परत दिला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो चेहरा मला ओळखीचा वाटला, दगडाचाच होता.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात. ती आता काठीशिवाय चालते. काम मात्र मिळत नाही. पूर्वी नुसती लोकांची बोलणी होती, आता तिच्याच सहीचा कागद आहे.

मला इथून कुणी हलवलेलं नाही. पुरावा म्हणून माझा उपयोग संपला, त्यामुळे लपवायचीही कुणाला गरज उरलेली नाही. तुम्ही कधी इकडून गेलात, तर घटकाभर बसा माझ्यावर. उजव्या हाताला खाच लागेल. कुणी आजारी माणसासाठी बाई शोधत असेल, तर त्याला एवढंच सांगा, की पायरी भेटली होती. ती म्हणाली, तुळसाबाई नीट चालत होती.