तिघांची सभा

लिंडाल या छोट्या गावच्या शाळा-मंडळाचे पाच सभासद होते, आणि त्यांतले कुठलेही तिघे कधीही एका टेबलाशी बसत नसत. भांडण नव्हतं, कायदा होता. पाचांतले तिघे एकत्र आले की ती सभा, आणि सभा म्हटली की तिची नोटीस दोन दिवस आधी शाळेच्या दारावर, पोस्टात आणि धान्याच्या कोठारावर लागलीच पाहिजे. त्यामुळे बर्निसच्या कॅफेत दोन सभासद कॉफी पीत बसले असले आणि तिसरा दारातून आत आला, की कुणीतरी एक जण मुकाट्याने आपला कप उचलून काउंटरवर जाऊन बसे. चर्चमध्ये पाच जण पाच बाकांवर. लग्नात पाच कोपऱ्यांत. एकदा एका फोटोग्राफरने "या ना, मंडळाचा एक फोटो होऊन जाऊ दे" म्हटलं, तर अर्लिस ब्रेकीने त्याला असं झापलं की केक कापून होईपर्यंत तो बिचारा तिच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही.

अर्लिस मंडळाची चौदा वर्षं अध्यक्ष. वय बासष्ट, नाकासमोर चालणारी, जरा तोंडाळ. आसपासच्या गावांत हा नियम लोक पाळल्यासारखं करत. लिंडालमध्ये तो खरोखर पाळला जाई, तो तिच्यामुळे. "पैसा लोकांचा आहे ना? मग त्याचं बोलणं लोकांसमोर. कुणाच्या स्वैपाकघरात नाही," असं ती म्हणायची, आणि लोक मागे हसायचे, पण तिने सांगितलेला आकडा कुणी दुसऱ्यांदा तपासायचं नाही.

शाळेत पहिलीपासून बारावीपर्यंत मिळून एकोणचाळीस मुलं उरली होती. राज्य पैसे देतं ते डोकी मोजून. डोकी घटली की पैसा घटतो, छपराला आणि बसच्या डिझेलला मात्र ते कुणी सांगत नाही. उरलेला भार गावच्या जमिनीवरच्या कराचा. त्या करालाही मर्यादा. ती ओलांडायची तर गावाने मतदान करून हो म्हणायला हवं, आणि मतदान घ्यायचं तर आधी मंडळाने ठराव करायला हवा. ठराव झाला नाही तर जूनमध्ये शाळेला कुलूप आणि मुलं सत्तेचाळीस मैलांवरच्या कॅस्टरला. अर्लिसच्या मुलाने, ट्रॉयने, आईला स्पष्टच सांगितलं होतं. "ब्रिटाला मी रोज शंभर मैल बसमध्ये बसवणार नाही, आई. शाळा गेली की आम्ही फार्गोला, शहरात. तू त्यावर रडू नकोस, आधीच सांगतोय."

ब्रिटा, त्याची मुलगी, सहा वर्षांची. तिला अक्षरं लागत नव्हती. पहिलीच्या बाई सोल्वेग रोज शाळा सुटल्यावर तासभर तिला घेऊन बसत, एक पैसा न घेता. सोल्वेग म्हणजे ऑर्विन नाइगार्डची मुलगी, आणि ऑर्विन मंडळाचा सगळ्यात जुना सभासद. अर्लिस, डॅरोल आणि ऑर्विन शाळा ठेवायच्या बाजूचे. उरलेले दोघे म्हणायचे, पुरे झालं, कॅस्टरला जाऊ. तीन विरुद्ध दोन. आणि त्या तिघांतला ऑर्विन जानेवारीत घरीच अंथरुणाला खिळून मरत होता.

मंगळवारी ठरावाची सभा होती. तिथे फोनवरून मत देता येतं, म्हणून ऑर्विनने मंगळवारपर्यंत तग धरावा एवढीच सगळ्यांची प्रार्थना. रविवारी दुपारी अर्लिस खिमा-बटाट्याची हॉटडिश घेऊन नाइगार्डांच्या घरी गेली, तर दारात डॅरोलची गाडी उभी. तो रोज येऊन ऑर्विनच्या गुरांना चारा घालायचा. अर्लिसने आपली गाडी कुंपणाशी लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि गरम भांडं मांडीवर घेऊन बसून राहिली. बाहेर शून्याखाली पंचवीस. दहा मिनिटं गेली, वीस गेली. डॅरोल काही बाहेर येईना. हॉटडिशची वाफ संपली.

शेवटी सोल्वेगच कोट न घालता धावत आली आणि काचेवर टकटक केलं.

"अर्लिस, अहो तुम्ही इथे काय करताय? गोठाल ना!"

"डॅरोल आत आहे ना गं? त्याला जाऊ दे, मग येते. तिघं होतो आम्ही."

"बाबा दोघांनाही विचारतायत. आज विचारतायत. उद्या विचारतील की नाही, मला माहीत नाही."

आता यावर कुठला कायदा काय बोलणार? अर्लिस उतरली.

ऑर्विन पुढच्या खोलीत खिडकीजवळ पडला होता. माणूस म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं, डोळे तेवढे जुने. डॅरोल टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. अर्लिस आत आली तसा ऑर्विन म्हणाला, "झाली बघ सभा. नोटीस लावलीस का गं?"

अर्लिस हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "शाळेचं काही बोलायचं नाही हं, ऑर्विन. सांगून ठेवते."

"मग काय गव्हाच्या भावाचं बोलू? मला काय करायचाय आता गहू?" तो थांबला, श्वास गोळा केला. "एवढंच सांगा. मंगळवारी मी असेन, नसेन. शाळा राहील ना?"

अर्लिसला काय करायला हवं ते नीट ठाऊक होतं. उठायचं, भांडं स्वैपाकघरात ठेवायचं, जायचं. चौदा वर्षं ती दुसऱ्यांना तेच शिकवत आली होती. पण तिने ऑर्विनचा हात हातात घेतला. "राहील. मतदान मागू आपण, तिघं मिळून. शब्द देते तुला."

"माझापण," डॅरोल म्हणाला.

"मग बरं," म्हणून ऑर्विनने डोळे मिटले. सोल्वेग कॉफीचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

मंगळवारी फोनमधून ऑर्विनचा "हो" आला, खरखरीत पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. तीन विरुद्ध दोन, ठराव झाला. शुक्रवारी ऑर्विन गेला.

अंत्यविधीला चर्चमध्ये सारं गाव. मंडळाचे चौघे चार बाकांवर. सोल्वेग बापाबद्दल बोलायला उभी राहिली. ती फार बोलणारी बाई नाही. कागद हातात होता, पण तिने तो उघडलाच नाही. बाबा किती हट्टी होते ते सांगितलं, लोक हसले. मग म्हणाली, "शेवटचे आठ दिवस फार वाईट गेले. पण त्यातली एक दुपार चांगली होती. रविवारी अर्लिस आणि डॅरोल बाबांच्या पलंगाशी बसले होते. त्यांनी बाबांना शब्द दिला की शाळा राहील, तिघं मिळून मतदान मागू. त्यानंतर बाबा शांत झोपले. त्या दोघांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

अख्खं चर्च डोळे पुसत होतं. अर्लिसने मात्र मान न वळवताच तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथे वेंडेल रूड बसला होता, आणि तो डोळे पुसत नव्हता.

वेंडेल मंडळावर नव्हता, पण त्याची जमीन अकरा हजार एकर. मूलबाळ नाही. कर वाढला तर सगळ्यात जास्त त्याच्या खिशातून जाणार. वाईट माणूस म्हणाल तर मुळीच नाही. शाळेच्या जिमचं छप्पर उडालं तेव्हा अर्धा खर्च त्यानेच न मागता दिला होता. पण देणं वेगळं आणि उपटून घेणं वेगळं, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच चालू असताना तो कप घेऊन अर्लिसजवळ आला.

"चांगलं बोलली पोरगी."

"हो."

"तिघं होतात म्हणे."

"वेंडेल, आज मातीचा दिवस आहे रे."

"म्हणून तर आज काही बोलत नाही," तो म्हणाला. "सोमवारी बोलेन."

बोलला तो लेखी. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी वकिलाकडे तक्रार गेली: सभासदांनी नोटीस न लावता ठराव आधीच ठरवला, म्हणून ठराव रद्द करा. वकिलाने शाळेच्या जिममध्ये खुली सभा लावली. हिशोब कुणालाही कळण्यासारखा होता. ठराव रद्द झाला तर नव्याने मत घ्यावं लागणार, आणि आता दोन विरुद्ध दोन, म्हणजे ठराव पडणार. मतपत्रिका छापायला द्यायची मुदत त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी संपत होती.

डॅरोल अर्लिसच्या घरी आला. "आपण तब्येतीची चौकशी केली, बस. शाळेचं काही निघालंच नाही. तिथे चौथं कोण होतं?"

"सोल्वेग होती."

"ती दुःखात होती. आठवडाभर झोप नाही. लोक समजून घेतील."

"तू खोटं सांग हवं तर," अर्लिस म्हणाली. "मला नाही जमायचं." आणि ती ते मनापासून म्हणाली होती. सभेच्या दिवशी घरून निघताना तिने वाक्यसुद्धा पाठ केलं होतं: हो, बोललो आम्ही, चूक माझी.

शाळेच्या दाराशी ब्रिटा उभी होती, ट्रॉय मागे गाडी लावत होता. दारावर सभेची नोटीस, अर्लिसने स्वतः चिकटवलेली. ब्रिटा टाचा उंचावून एकेका अक्षराखालून बोट सरकवत होती. "वि... शे... ष. विशेष! स... भा. आजी, विशेष सभा! मला सगळं येतं!" अर्लिसने तिची टोपी सारखी केली. एवढंच केलं, आणि आत गेली.

वकील तरुण होता, घाईत होता. "मिसेस ब्रेकी, त्या रविवारी तुम्ही तिघं एकत्र होतात?"

"हो."

"शाळेचा विषय निघाला?"

अर्लिसने समोर पाहिलं. सगळं गाव बाकांवर बसलं होतं. "नाही," ती म्हणाली. "त्याची विचारपूस केली. तो मरत होता हो. शाळेचं कोण बोलेल?"

वेंडेल उठला. "म्हणजे सोल्वेग चर्चमध्ये, बापाच्या शवपेटीशेजारी उभी राहून खोटं बोलली?"

"खोटं कोण म्हणतंय?" अर्लिसचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तिला झोप नव्हती. अशा वेळी माणसाला जे हवं असतं ते ऐकू आल्यासारखं वाटतं."

वकील वळला. "मिस नाइगार्ड?"

सोल्वेग उभी राहिली. तिने अर्लिसकडे पाहिलं. राग असता तर अर्लिसने तो सोसला असता. पण वर्गात मूल एखादा शब्द चुकीचा वाचतं आणि बाई काही न बोलता, ते स्वतः सुधारेल म्हणून वाट बघतात, तशी ती वाट बघत होती. अर्लिसने मान खाली घातली आणि पुढ्यातले कागद उगीच सारखे केले.

"माझीच चूक झाली असेल," सोल्वेग म्हणाली. "बाबा त्या दुपारी कुणाशी काही बोलले नाहीत." आणि खाली बसली.

वेंडेलने टोपी उचलली. "झालं तर मग. अर्लिस, चाळीस वर्षं मी तुझ्याशी भांडतोय, पण तुझ्या शब्दावर कधी भांडलो नाही. आजही नाही भांडत." तो गेला. तक्रार फेटाळली गेली. डॅरोलने टेबलाखालून अर्लिसचा हात दाबला, आणि तिला त्याची किळस आली, जणू खोटं त्यानेच तिच्या तोंडात घातलं होतं.

एप्रिलमध्ये मतदान झालं. त्र्याण्णव विरुद्ध अठ्ठ्याऐंशी. शाळा दोन वर्षांसाठी वाचली. ट्रॉयने घर रंगवायला काढलं.

मेच्या सभेत चौथा विषय होता सोल्वेग नाइगार्ड यांचा राजीनामा. कारणाची जागा कोरी. "कुणी मांडतंय का?" अर्लिसने विचारलं. डॅरोलने मांडला, दुसऱ्या कुणी अनुमोदन दिलं, हात वर झाले. पहिलीची शिक्षिका पाहिजे, अशी नोटीस तीन ठिकाणी लागली. जुलै संपला तरी एकही अर्ज नव्हता. सोल्वेगला कॅस्टरच्या शाळेत जागा मिळाली होती. बापाचं घर काही तिने सोडलं नाही; रोज सत्तेचाळीस मैल जाणार, सत्तेचाळीस मैल येणार.

ऑगस्टच्या एका सकाळी अर्लिस कॅफेत शिरली तर खिडकीजवळच्या टेबलाशी सोल्वेग एकटी बसली होती. जुन्या सवयीने अर्लिसने मनात मोजलं: दोघी. आणि सोल्वेग तर सभासदही नाही. कुठलाच कायदा आड येत नव्हता. ती जवळ गेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बसू का गं?"

"बसा ना, मिसेस ब्रेकी," सोल्वेग म्हणाली. आजवर ती तिला अर्लिस म्हणायची.

मग तिने आपला कप उचलला, मुकाट्याने काउंटरवर जाऊन बसली, आणि बर्निसने तिथेच तिला कॉफी भरून दिली.